साखळीचं शेपूट

मला हे सांगायचं नव्हतं, हे आधी लिहून ठेवतो. प्रिन्सिपल एस्तेरबाईंनी ऑफिसात बोलावलं, कागद पुढं सरकवले आणि म्हणाल्या, "भिवाजी, साखळी का बंद केली म्हणून पालक विचारतात, जुन्या मुली फोन करतात. जे झालं ते तुम्हीच एकदा लिहून द्या." म्हटलं, बाई, मी चौथी नापास. डोळ्यात मोतीबिंदू. एम.ए. झालेल्या एवढ्या बाया शाळेत बसल्यात, त्यांना सांगा. तर म्हणतात, "त्या सगळ्या पुढं होत्या. मागं काय झालं ते तुम्ही बघितलं." चहासुद्धा विचारला नाही. लिहितो. पण मागाहून कोणी लाल पेनानं माझ्या चुका काढायच्या नाहीत.

आमची शाळा माले गावाच्या पुढं, धरणाच्या पाण्यावर डोंगराची सोंड उतरते तिथं. इंग्लंडच्या चर्चच्या मडमांनी फक्त मुलींसाठी काढलेली. अँग्लिकन म्हणतात त्या पंथाला. आजूबाजूच्या गावांत मात्र नुसती 'मडमेची शाळा'. आम्ही बौद्ध माणसं, चर्चशी आमचा संबंध घंटेच्या दोरीपुरता. माझा आजा इथं राखणदार होता, मग बाप, मग मी. भूतखेत आमच्या घरात कोणी मानत नाही. मी आजही मानत नाही. जे बघितलं ते सांगतो, मानायचं का नाही ते ज्याचं त्यानं बघावं.

शाळेला रीतीभाती फार. नवीन मुलीनं चॅपलची घंटा स्वतः वाजवेपर्यंत वेणीला पांढरी फीत लावायची. दहावीच्या मुलींनी जाताना सिल्व्हर ओकचं एक रोप लावायचं, आणि त्याला पाणी मी घालायचं. संस्थापिकेच्या दिवशी सकाळी सगळ्यांना ब्रेड पुडिंग. मी ते कधी तोंडात घेतलं नाही, शिळ्या पावाला दूध पाजून गोड करतात. आणि त्याच दिवशी संध्याकाळी साखळी.

साखळीची गोष्ट अशी. पहिली शाळा खाली होती, आता पाणी आहे तिथं. धरण भरायला लागलं तेव्हा पावसाळ्यात एका संध्याकाळी संस्थापिका विनिफ्रेड मडमनं सगळ्या मुली वर आणल्या. धुकं इतकं की पुढचं माणूस दिसत नव्हतं. म्हणून एकमेकींचे हात धरून, सगळ्यांत लहान पुढं, मोठ्या मागं, गाणं म्हणत. शेवटच्या मुलीचा हात माझ्या आजाच्या हातात. सगळ्या पोचल्या. चॅपलच्या दारावर दगडात कोरलंय, 'एकही मागे राहिली नाही.' त्याची आठवण म्हणून दरवर्षी भाद्रपदात मुली चॅपलपासून पाण्याच्या काठापर्यंत हातात हात धरून उतरायच्या, तिथं संध्याकाळचं गीत म्हणायचं, आणि तसंच गीत म्हणत वर यायचं. शेवटी राखणदार. उजव्या हातात शेवटच्या मुलीचा हात, डाव्या हातात पेटता कंदील. मुली मला शेपूटबाबा म्हणायच्या. म्हणू देत.

बापानं काम माझ्याकडं देताना एवढंच सांगितलं होतं, "डावा हात रिकामा ठिवू नगंस." मी विचारलं, का? तर म्हणाला, "चिखल हाय, पडशील." तो माझ्यासारखाच, दोन शब्दांचं काम एका शब्दात करणारा. चढताना वळणापाशी कंदील जड व्हायचा, हे मात्र खरं. मी म्हणायचो, वय झालं.

तर गेल्या भाद्रपदातली गोष्ट. दुपारी मी गेटाच्या पायरीवर बसून कंदिलाची काच राखेनं घासत होतो. स्नेहलबाई आल्या. या नव्या, पुण्याच्या. स्वभावानं वाईट नाहीत, पण डोक्यात सारखं काहीतरी नवीन चाललेलं. पोरींच्या हॉस्टेलच्या त्या सुपरिंटेंडेंट.

"बाबा, एक बोलायचं होतं. रागावू नका हं."

असं कोणी म्हणालं की समजावं, रागवायचीच गोष्ट आहे.

"यंदापासून तुम्ही साखळीत नसाल. म्हणजे... मुलींची शाळा आहे. आता नियम कडक झालेत. पुरुष कर्मचाऱ्यानं मुलीचा हात धरायचा नाही. तुमच्याबद्दल काही नाही हो, सगळ्यांनाच आहे."

"माझ्या बापाला न्हाई सांगितला त्यो नियम कुनी."

"तेव्हा नव्हता."

"आन् शेपटाला कोन?"

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "आरोही. तुमचीच नात! उंच आहे, शांत आहे. आणि ती डावा हात मागं असा मोकळा ठेवेल." त्यांनी स्वतःचा हात मागं करून दाखवला, तळवा उघडा. "म्हणजे पुढं येणाऱ्या मुलींसाठी. साखळी संपत नाही, असा त्याचा अर्थ. छान दिसेल ना?"

मी म्हटलं, "दिसायला आरसा पन छान दिसतो." त्यांना ते कळलं नाही. मलाही नीट कळलं नव्हतं. पण इतकी वर्षं ज्या पोरींना हाताला धरून वर आणलं त्यांच्यापासून मला लांब उभं करणार, हे गेटाशी भाजी निवडत बसलेल्या चार स्वयंपाकिणींच्या देखत सांगितलं, त्याचा राग आला. त्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आरोही ही माझ्या लेकाची मुलगी. लेक-सून हिंजवडीकडं कामाला, जांबे गावात भाड्यानं राहतात, म्हणून पोर हॉस्टेलात. नववीत. चार वाजता ती आली आणि माझ्याशेजारी बसली.

"आज्जा, तोंड कशाला वाकडं केलंय?"

"तोंड असलंच हाय."

"तुमी न्हाई ते बरंच हाय बगा. पोरी मला शेपटाची नात म्हनतात."

"आता तर तूच शेपूट."

ती खो खो हसली. लहान होती तेव्हा माझ्या डाव्या हाताचं दुसरं बोट धरून चालायची. या बोटाचं पुढचं पेर नाही, कडबा कापताना गेलं. ते थुटं बोट मुठीत घट्ट धरायची आणि म्हणायची, हे माझ्या मापाचं हाय. मोठी झाल्यावर लाजायला लागली. पण त्या दिवशी उठताना तिनं ते बोट जरासं दाबलं. "रुसू नका. वर आल्यावर पयलं तुमच्याकडंच यीन."

उजेड उतरायला लागला तशी चॅपलची घंटा झाली. पाऊस नव्हता, पण धुकं धरणावरून सरपटत वर येत होतं. त्याला कुजक्या गवताचा वास. मुलींच्या हातात बॅटरीवरचे छोटे दिवे. पुढं स्नेहलबाई, मग बारक्या पोरी, मग मोठ्या. शेवटून दुसरी गौतमी, तिच्या हातात आरोहीचा हात. गेटातून निघताना आरोहीनं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले आणि डावा हात मागं केला. तळवा उघडा. मग धुक्यानं एकेक दिवा पुसत नेला.

मी गेटात उभा राहिलो. कंदील पेटवला होता. हट्टानं. कोणाला गरज नसली तरी माझा कंदील त्या दिवशी पेटतो, एवढंच.

खालून गीत सुरू झालं. ते गीत मला पाठ आहे, अर्थ फारसा लागत नाही, चाल मात्र लागते. पाण्याच्या काठावर आवाज नेहमी बारीक होतो, मग वळून वर यायला लागला की वाढतो. तसा तो वाढला. पण बरोबर नव्हता. मुली एक ओळ म्हणायच्या आणि तीच ओळ मागून, जरा उशिरानं, पुन्हा यायची. मी म्हटलं, डोंगराला आपटून येत असेल. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती, तरी म्हटलं.

रातकिडे थांबले होते. हे मला फार मागाहून ध्यानात आलं.

स्नेहलबाई गेटातून आत आल्या, दम लागलेला, चेहरा खूश. त्यांच्या मागं बारक्या पोरी, चिखलानं भरलेले बूट, हसतायत, ढकलतायत. एकेक हात गेटातून आत सरकत होता. मग चाल मंदावली. मधल्या मुली मागं वळून बघायला लागल्या. "अगं चल ना, काय ओढतेस?" "मी नाही, मागून ओढतायत." गौतमी गेटात आली आणि थांबली. तिचा एक हात पुढच्या मुलीच्या हातात, दुसरा मागं ताणलेला. तोंड घामानं भिजलेलं.

"भिवाबाबा," ती मला हळूच म्हणाली, "आरोही... लई जड झालीय हो."

मी कंदील वर केला. गेटाच्या बाहेर, करवंदीच्या जाळीपाशी आरोही उभी होती. एवढ्या जवळ, की हात लांबवला तर लागेल. पाठ माझ्याकडं. डावा हात पुढं, खालच्या अंगाला, सरळ ताठ. मनगटापुढं धुकं. ती त्या धुक्याशी बोलत होती.

"सोडा की आता... गेट आलं. आज्जा, दुखतंय. हसू नका, खरंच दुखतंय."

आवाज काढला तो माझाच मला परका वाटला.

"आरोही."

तिनं मान वळवली. माझ्याकडं बघितलं. मग हाताकडं बघितलं. मग परत माझ्याकडं.

"आज्जा... तुमी पुढं कदी आलात?"

"मी हितंच हाय, पोरी. गेलो न्हाई कुटं."

"काठापासनं तर... तुमीच..."

आत स्नेहलबाईंनी टाळ्या वाजवून सगळ्या पोरींना गप्प केलं. "आरोही, मस्करी पुरे झाली!" सगळं गप्प झालं. आणि त्या शांततेत गीत चालूच राहिलं. खालून. पुष्कळ बारीक आवाज, एकापाठोपाठ एक, वळणापासून पार पाण्यापर्यंत लांबलेले. मुली सगळ्या गेटाशी होत्या. गात कोणी नव्हतं.

मग ओढ बसली. गौतमी किंचाळली, तिच्या पुढच्या तीन-चार पोरी एकदम मागं कलल्या. आरोहीचे पाय चिखलात घसरत दोन हात खाली गेले. मी कंदील घेऊन धावलो. या गुडघ्यांनी किती धावणार, पण धावलो. आणि कंदील तिच्या हातापाशी नेला.

तिचा हात ज्या हातात होता तो मनगटापर्यंत दिसला. पुढं उजेड जात नव्हता, भिंतीवर पडावा तसा धुक्यावर पडत होता. हात पोरीचा नव्हता. म्हाताऱ्या बाप्याचा, काळा, शिरा वर आलेल्या, ओला, नखांत गाळ. आणि त्याच्या दुसऱ्या बोटाचं पुढचं पेर नव्हतं.

मी माझ्या हाताकडं बघितलं. कंदिलाची कडी धरून होता, माझाच होता, सगळा होता. थुट्या बोटासकट. आणि समोर पण तोच.

"आज्जा..." आरोही रडत म्हणाली, "तुमी दोगं कसं..."

माणसं म्हणतात अशा वेळी देवाचं नाव आठवतं. मला शिवी आठवली. ती मी मोठ्यानं दिली. शाळेचा कागद आहे म्हणून इथं लिहीत नाही. मग ती बोटं मोकळी करायला गेलो. थंड होती, पण मेल्यासारखी नव्हती. कामाची बोटं होती. आपण एखाद्या पोराला धरून रस्ता ओलांडताना धरतो ना, तशी पकड. वाईट हेतूची पकड असती तर मी तोडली असती, पण ही पकड सांभाळून नेणाऱ्याची होती. म्हणून सुटत नव्हती. नेत होती मात्र खाली.

आरोहीचा पाय परत घसरला. तिच्या पलीकडं वळणापासून उतार सरळ पाण्यात जातो. मला दुसरं काही सुचलं नाही. मी कंदिलाची कडी त्या हाताच्या मुठीत कोंबली, तिच्या बोटांच्या आणि त्याच्या बोटांच्या मधे. बापाचं बोलणं आठवून केलं असं कोणी म्हणू नये. माझ्याकडं तेवढीच एक वस्तू होती.

हात थांबला. आणि एकेक बोट सुटलं. दमलेल्या माणसाच्या हातातलं ओझं बदलून द्यावं आणि त्यानं ते मुकाट घ्यावं, तसं. थुटं बोट सगळ्यांत शेवटी सुटलं. आरोही माझ्या अंगावर येऊन पडली.

कंदील पडला नाही. तो तिथंच, माझ्या कमरेच्या उंचीवर, धुक्यात राहिला. मग वळला आणि खाली निघाला, माणूस चालतो त्या चालीनं, वळणाला जरा थांबून, डावीकडं झुलत. त्याच्या पुढं चिखलात पावलं वाजत होती, बारकी, पुष्कळ. गीत त्यांच्याबरोबर उतरत गेलं. काठाशी कंदील थांबेल असं मला वाटलं. थांबला नाही. पाण्याखालून पिवळा उजेड लांब जाताना मी बघितला, मग धुकं मधे आलं.

मला एवढंच कळलं, की खाली पण एक साखळी आहे, आणि तिच्या शेपटाचा हात त्या दिवशी रिकामा होता. त्यानं शेजारी जो हात उघडा दिसला तो धरला. बाकी, वर सगळ्याच पोचल्या होत्या तर खाली कोण चालतंय, हे मला विचारू नका. दारावर कोरणाऱ्यांना विचारा.

पुढचं थोडं आहे. आरोहीला ताप भरला. तापात आणि ताप उतरल्यावरही ती एकच सांगत राहिली, "आज्जाच होते. बोट ओळखलं मी. मला खाली नेत होते." स्नेहलबाई पुढं होत्या, मागचं त्यांना दिसलं नव्हतं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा अपमान झाला म्हणून तो खालच्या वाटेनं गेला आणि पोरींना घाबरवलं. मला गेटावरून काढून घरी बसवलं. माल्यात लोक माझ्याकडं बघून कुजबुजायला लागले. मग गौतमीनं आणि इतर पोरींनी सांगितलं, की आरोहीला मागून ओढत होतं तेव्हा भिवाबाबा आमच्या पुढं गेटात उभे होते, हातात कंदील होता. तेव्हा एस्तेरबाई घरी आल्या, हात जोडून म्हणाल्या, "भिवाजी, आमची चूक झाली." मी म्हटलं, झाली. स्नेहलबाई तर माझ्या ओट्यावर बसून रडल्या. त्यांना मी चहा दिला, वरून बिस्किटं दिली. रडणाऱ्या माणसावर किती वेळ रागवायचं? साखळी बंद झाली. मी परत गेटावर आलो.

पण पोरगी आली नाही. लेकानं तिला शाळेतून काढून जांब्यात नेलं. दिवाळीला मी गेलो. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, समोर कंपन्यांच्या काचेच्या इमारती, खाली बसगाड्यांचा गोंगाट. दुपारची वेळ, लख्ख ऊन. आरोही गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागं बसली होती. डाव्या हाताच्या पाठीवर चार बोटांचा काळसर वण, त्यातलं एक आखूड. मी शेजारी बसलो. ती जरा सरकली. हात ओढणीखाली घेतला.

"गौतमीनं सांगितलं न्हवं तुला?" मी म्हटलं. "मी वर व्हतो."

"सांगितलं."

"मग?"

"वर पन होता. खाली पन होता."

"आगं, खालचा मी न्हवतो!"

तिनं ओढणी हाताला गुंडाळली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "काठापासनं वर येताना त्यांनी मला एक सांगितलं. कानात. तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखंच 'पोरी' म्हनून. तुमी खरे असाल तर तुमाला ठाऊक असंल. सांगा."

मी खोटं बोलू शकलो असतो. पण खोटं काय बोलायचं तेही कळायला हवं. "मला ठाऊक न्हाई," मी म्हटलं.

"मग कसं मानू?"

ती उठून आत गेली. तिला वाचवताना माझ्या खांद्याचा सांधा निखळला, तो अजून वर होत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. सांगायची गोष्ट आहे का ती?

दिवेलागणीला मी निघायला म्हणून उठलो तर ती परत गॅलरीत उभी. कठड्याला टेकून खालच्या रस्त्याकडं बघत होती. मी सुनेला विचारलं, "रोज अशी उभी राहती?"

"रोज, मामंजी. ह्याच वेळेला."

"कुनाची वाट बगती?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "तुमचीच. आज्जा न्यायला येनार हायेत, म्हनती. मी म्हनलं, आगं, आज्जा घरात बसल्यात, चहा पित्यात. तर म्हनली... हे न्हवं."

मी तिथूनच आरोहीला हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही. खाली रस्त्यावर कोणाला तरी बघून तिनं हात हलवला.

एस्तेरबाईंनी माफी मागितली, ती मी घेतली. स्नेहलबाईंनी मागितली, तीही घेतली. लेकाला मी काही म्हणत नाही, त्याची पोर आहे. पण मी कोण, हे जिनं अजून मानलेलं नाही, तिनं एकदा माझ्याकडं तोंड करून म्हणायला पाहिजे, की आज्जा, चुकले. तेवढं म्हणाली की मी तिला त्या गॅलरीतून आत ओढून घेईन. म्हणायची राहिलीय ती एकच. आरोही.